वसईच्या भग्न मंदिराचा पुत्र



वसईच्या किल्ल्यात गेलात, तर ताडामाडांच्या सावलीत जुन्या ख्रिस्तमंदिरांचे अवशेष आपणांस दिसतील. त्यांतील एक मंदिर येशूसंघीय धर्मगुरूंचे. त्याच्यासमोर क्षणभर थांबा; कारण ज्या बालकाने याच धर्मगुरूंच्या हाताखाली शिक्षण घेतले, तो पुढे भारतभूमीत जन्मलेला पहिला संत ठरला.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसईत झाला. पिता पोर्तुगीज, माता येथलीच. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते येशूसंघीयांसमवेत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची एकच आस होती. परंतु ती पुरी झाली नाही. निराश मनाने त्यांनी व्यापाराचा मार्ग धरला. पैसा मिळाला, मानही मिळाला. पण अंतःकरणातील हाक शमली नाही. अखेर मनिला येथे सर्वस्वाचा त्याग करून ते फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले. धर्मगुरुपद नव्हे, साधी सेवावृत्ती त्यांनी पत्करली.

देवाची योजना पाहा! १५९३ साली फादर पीटर बॅप्टिस्ट यांच्यासमवेत ते पुन्हा जपानला गेले, ते दुभाषी म्हणून. तरुणपणी कष्टाने शिकलेली ती भाषा आता राजदरबारात आणि रुग्णांच्या शय्येपाशी उपयोगी पडली. वाया गेलेली वाटणारी वर्षे वाया गेली नव्हती.

१५९६ च्या अखेरीस सत्ताधीश हिदेयोशी याच्या आज्ञेने त्यांना अटक झाली. क्योतो येथे बंदिवानांच्या डाव्या कानांचे तुकडे कापण्यात आले. ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी विंधले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय व सतरा जपानी प्रापंचिक होते. ज्या संघाचे दार गोन्सालो यांच्यासाठी उघडले नव्हते, त्याच संघाचे सदस्य मरणसमयी त्यांचे सोबती झाले. १६२७ साली या हुतात्म्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

इकडे १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली आणि कालांतराने किल्ल्यातील मंदिरे ओस पडली. पण तेथे एका मुलाच्या अंतःकरणात पेरलेले बीज त्यापूर्वीच दूरदेशी फळास आले होते. आज ते वसई धर्मप्रांताचे आश्रयदाते आहेत.

वाचकहो, आपण वसईच्या किनारी राहत असा वा समुद्रापासून दूर, नर्मदेकाठच्या बरगीत. एखादे दार आपल्यासाठीही बंद झाले असेल. तेव्हा गोन्सालो यांचे स्मरण करा. त्यांनी ना कटुता बाळगली, ना सेवा सोडली. जी भाषा त्यांच्यापाशी होती, तीच त्यांनी प्रभूच्या चरणी वाहिली. आपल्यापाशी काय आहे, याचा आज प्रार्थनेत विचार करू या.