मुक्तिफौजेचे जनरल विल्यम बूथ

आज नाताळ. घरोघरी गव्हाणीच्या देखाव्यापुढे मेणबत्त्या तेवत आहेत, करंज्यांची आणि केकची ताटे शेजारीपाजारी जात आहेत. धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून ज्याला गव्हाणीत निजावे लागले, त्याचा हा सण. रात्री पाठ टेकायला ज्यांना जागा नव्हती अशांसाठी झिजलेल्या एका पुरुषाचे चरित्र या दिवशी वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले. त्यांचे नाव विल्यम बूथ. त्यांनी स्थापन केलेली मुक्तिफौज आपल्याला अपरिचित नाही. १८८२ साली तिचे पहिले पथक मुंबई बंदरात उतरले. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, बूथ रुग्णालयाला त्यांची कन्या इव्हँजेलिन हिचे नाव आहे.

बूथ यांचा जन्म १० एप्रिल १८२९ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. वडिलांचा धंदा बसला आणि तेराव्या वर्षी मुलाला गहाणवटीच्या दुकानात उमेदवारीस ठेवण्यात आले. त्याच वर्षी वडीलही वारले. माणूस आधी काय गहाण टाकतो आणि शेवटी काय, हे या मुलाने गल्ल्यामागे उभे राहून पाहिले. पंधराव्या वर्षी त्यांनी आपले आयुष्य ख्रिस्तचरणी वाहिले. पुढे ते मेथडिस्ट पंथाचे उपदेशक झाले. परंतु एका ठिकाणी बांधून राहणे मानवेना, म्हणून १८६१ मध्ये तेही पद सोडले. पत्नी कॅथरिन स्वतः उत्तम वक्त्या होत्या. पदरी मुले, हाती निश्चित उत्पन्न नाही, अशा स्थितीत त्यांनी पतीला साथ दिली.

१८६५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या पूर्वभागातील व्हाइटचॅपेल येथे एका दारूच्या गुत्त्याबाहेर बूथ उपदेशाला उभे राहिले. तेच त्यांचे कार्यक्षेत्र ठरले. १८६८ च्या नाताळाची हकीकत त्यांच्या चरित्रांत आढळते. त्या दिवशी ते वस्तीत प्रवचन करून घरी परतले, पण मुलांच्या खेळात त्यांचे मन रमेना. सणाच्या दिवशीही गरिबाला गुत्त्याखेरीज जायला जागा नाही, हे दृश्य डोळ्यांपुढून हलेना. असा नाताळ पुन्हा करणार नाही, असे त्यांनी घरात सांगितले. पुढच्या वर्षी बूथ कुटुंबाने वस्तीत सुमारे दीडशे पुडिंगे वाटली. त्यांतली बरीचशी घरच्याच स्वयंपाकघरात शिजली होती.

१८७८ साली त्यांच्या मिशनला मुक्तिफौज हे नाव मिळाले. गणवेश, निशाण, बँड हे सारे आले, आणि त्याबरोबर दगडधोंडेही आले. गुत्तेवाल्यांच्या फुशीने टवाळखोरांच्या टोळ्या मिरवणुकांवर तुटून पडत. फौजेत शिरणाऱ्याला दारू वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा घ्यावी लागे. काल गुत्त्यात पडलेला माणूस आज सुधारला की त्यालाच दुसऱ्याला हात द्यायला पुढे करीत. ही बूथ यांची रीत आम्हांस फार मोलाची वाटते. १८८३ पासून फौजेने प्रभुभोजनाचा संस्कारविधी बंद केला. त्याच्या कारणांपैकी एक असे होते की, द्राक्षारसाच्या एका घोटाने सुटलेल्याची तहान पुन्हा जागी होऊ नये.

असे असूनही उपाशी, निराश्रित माणसाची व्यवस्था हे फौजेचे मुख्य काम व्हायला साठी जवळ यावी लागली, हे सांगितलेच पाहिजे. स्वस्त जेवणाची दुकाने त्यांनी १८७० च्या सुमारास काढली होती. ती काही वर्षांत बंद पडली. आत्म्याचा उद्धार आधी, बाकीचे मागून, अशी त्यांची धारणा होती. १८८७ च्या एका थंडीच्या रात्री ते उशिरा लंडन ब्रिजवरून घरी आले. पुलाच्या कठड्याच्या कोनाड्यांत माणसे मुटकुळे करून निजलेली त्यांनी पाहिली. सकाळी मुलगा ब्रॅमवेल भेटताच, याचे काहीतरी केले पाहिजे, एखादे गोदाम शोध, अशी आज्ञा झाली. १८८८ मध्ये लाइमहाउस भागात पहिला निवारा उघडला. पुढे अशा निवाऱ्यांतून चार पेनींत रात्रीचे जेवण, अंथरूण आणि सकाळची न्याहारी मिळू लागली. अंथरूण म्हणजे लाकडी पेटीत समुद्रशेवाळ भरलेली गादी! पैसे नसतील त्याने काम करावे. फुकट मिळाले की माणसाची मान खाली जाते, हे गहाणवटीच्या दुकानात वाढलेल्या बूथ यांना कोणी शिकवायला नको होते.

१८९० साली त्यांनी ‘इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आउट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. रस्त्यात कोसळलेल्या भाड्याच्या गाडीच्या घोड्याला, तो का पडला हे न विचारता, आधी उठवतात; तेवढा तरी न्याय माणसाला द्या, हे त्याचे सार. ग्रंथ बाहेर पडला त्याच ऑक्टोबरात कॅथरिन कर्करोगाने निवर्तल्या. योजनेसाठी मागितलेले एक लाख पौंड काही महिन्यांत जमले. एवढा पैसा एका माणसाच्या हाती असावा काय, अशी टीका शास्त्रज्ञ हक्सली यांनी केली. १८९२ च्या चौकशीत व्यवहार स्वच्छ ठरला. परंतु हक्सली यांची शंका अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. बूथ यांचा कारभार एकतंत्री होता, आणि त्याची किंमत त्यांनी घरातच मोजली. बॅलिंग्टन १८९६ मध्ये आणि हर्बर्ट १९०२ मध्ये, असे दोन पुत्र फौज सोडून गेले.

अखेरच्या काळात दृष्टी गेली. ब्रॅमवेलला जवळ बोलावून त्यांनी जगभरच्या बेघरांची काळजी वाहण्याचे वचन मागितले, आणि ते न पाळल्यास भूत होऊन मानगुटीस बसेन अशी थट्टाही केली. २० ऑगस्ट १९१२ रोजी ते निवर्तले. क्लॅप्टनच्या सभागृहात ठेवलेल्या त्यांच्या देहाचे दर्शन सुमारे दीड लाख लोकांनी घेतले.