उपाध्यक्षानेच पुकारलेलं बंड

तुमच्या हॉस्टेलला कुणाचं नाव दिलंय, हे कधी नीट वाचलंय का? आपल्यापैकी बहुतेकांनी नसेल वाचलं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मात्र अशाच एका नावावरून वर्षानुवर्षं वाद चालू होता. तिथल्या एका निवासी कॉलेजचं नाव होतं कॅलहून कॉलेज. २०१६ मध्ये तिथल्या मेसमध्ये काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याने झाडूच्या दांड्याने खिडकीची रंगीत काच फोडली. त्या काचेवर कापूस वाहून नेणाऱ्या गुलामांचं चित्र होतं आणि रोज ते बघत काम करणं त्याला असह्य झालं होतं. नाव बदलायचं नाही, असं विद्यापीठाने त्याच वर्षी जाहीर केलेलं होतं. पण पुढच्या फेब्रुवारीत निर्णय फिरला. आज ते कॉलेज ग्रेस हॉपर या कम्प्युटर शास्त्रज्ञ बाईंच्या नावाने ओळखलं जातं.

आता तुम्ही विचाराल, हा कॅलहून कोण? गुलामांचा मालक होता, एवढं सांगून विषय संपत नाही. तसे मालक हजारो होते. याने मागे एक असा प्रश्न ठेवलाय, जो आजही कुठल्याही संघराज्यात डोकं वर काढतो. केंद्राने केलेला कायदा एखाद्या राज्याला घटनाबाह्य वाटला, तर ते राज्य तो आपल्या हद्दीत रद्द ठरवू शकतं का?

जॉन कॅलहूनचा जन्म १७८२ चा, साउथ कॅरोलिनाच्या डोंगराकडच्या भागातला. वडील शेतकरी, गुलाम बाळगणारे, राजकारणात मुरलेले आणि दूरवरच्या सरकारबद्दल कायम संशय बाळगणारे. देशाची नवी राज्यघटना आली तेव्हा त्यांनी तिला विरोध केला होता. पोरगा चौदाएक वर्षांचा असतानाच ते गेले. शिक्षणात मोठा खंड पडला, तरी विशीत याने येल गाठलं आणि १८०४ मध्ये पदवी घेतली. पुढे वकिली, नात्यातल्या फ्लोराइडशी लग्न आणि १८११ मध्ये थेट काँग्रेस. काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद.

इथे एक गंमत आहे. तरुण कॅलहून हा कट्टर राष्ट्रवादी होता. इंग्लंडशी युद्ध करा म्हणून ओरडणाऱ्या तरुण खासदारांमध्ये तो पुढे होता. केंद्राने रस्ते आणि कालवे बांधावेत म्हणून त्याने विधेयक आणलं. देशी कारखान्यांना संरक्षण देणाऱ्या १८१६ च्या आयात कराच्या बाजूने तो सभागृहात बोलला. हो, त्याच आयात कराच्या, ज्याच्यावरून पुढे त्याने देश फुटायच्या टोकाला नेला. नंतर सात-आठ वर्षं तो युद्धमंत्री होता आणि कामात चोख होता, हे त्याच्या विरोधकांनाही मान्य होतं.

मग बिनसलं कुठे?

कापसात. १८१९ नंतर कापसाचे भाव कोसळले. साउथ कॅरोलिनाचे मळेवाले कापूस इंग्लंडला विकायचे आणि कापड, लोखंडी सामान तिकडून घ्यायचे. उत्तरेतल्या कारखानदारांना हवा होता आयात कर, म्हणजे परदेशी माल महाग व्हावा आणि त्यांचा खपावा. १८२८ मध्ये तो कर इतका चढवला गेला की दक्षिणेत लोक त्या कायद्याचा उल्लेख शिवी दिल्यासारखा करू लागले. शंभरातल्या चाळीस गाठी तर करातच जातात, असा हिशेब साउथ कॅरोलिनाचा एक नेता जॉर्ज मॅकडफी गावोगाव सांगत सुटला. हिशेब अर्थशास्त्राच्या कसोटीवर कच्चा होता. पण भाव पडलेल्या शेतकऱ्याला असा हिशेब चटकन पटतो, हे आपल्याकडच्या कापूसपट्ट्यातल्या पोरांना वेगळं सांगायला नको.

कॅलहून तेव्हा कोण होता? देशाचा उपाध्यक्ष. त्याच अवस्थेत त्याने घरी बसून, स्वतःचं नाव न घालता, आपल्या राज्याच्या विधिमंडळासाठी एक लांबलचक मसुदा लिहिला. १८२८ च्या डिसेंबरात तो छापला गेला. लेखक कोण, हे जाहीर व्हायला १८३१ उजाडलं.

त्यातला युक्तिवाद नीट समजून घ्या, कारण तो मूर्खपणाचा अजिबात नाही. राज्यं आधी होती, त्यांनी करार करून केंद्र बनवलं, ठरावीक कामांसाठी. आता केंद्राने त्या कराराबाहेर पाऊल टाकलं की नाही, हे ठरवणार कोण? काँग्रेस? तिथे तर ज्यांचं बहुमत तेच कायदा करणार. सुप्रीम कोर्ट? तेही केंद्राचंच अंग. म्हणजे मॅच दोन टीमची आणि अंपायर एका टीमचा. म्हणून कॅलहूनने मार्ग सुचवला: राज्याने खास अधिवेशन बोलवावं, लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी कायदा घटनाबाह्य ठरवावा आणि मग तो त्या राज्यापुरता निर्जीव. केंद्राला तो अधिकार हवाच असेल, तर तीन चतुर्थांश राज्यांची संमती मिळवून त्यांनी घटनादुरुस्ती करून घ्यावी. यालाच म्हणतात नलिफिकेशन.

हे त्याने हवेतून काढलं नव्हतं. १७९८ मध्ये सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा कायदा केंद्राने केला, तेव्हा जेफरसन आणि मॅडिसन या दोघांनी केंटकी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या विधिमंडळांसाठी असेच निषेधाचे ठराव गुपचूप लिहून दिले होते. जेफरसन १८२६ मध्ये वारला. मॅडिसन मात्र जिवंत होता, ऐंशीच्या घरातला आणि ज्याला लोक राज्यघटनेचा जनक म्हणत असा. त्याने १८३० मध्ये जाहीरपणे सांगून टाकलं की आपल्याला असलं काही म्हणायचं नव्हतं. राज्यांनी मिळून आवाज उठवणं वेगळं आणि एकट्या राज्याने कायदा बंद पाडणं वेगळं. उद्या प्रत्येक राज्यात वेगळी घटना लागू होईल. कॅलहूनने ते मनावर घेतलं नाही.

अध्यक्ष होता अँड्र्यू जॅक्सन. तोही दक्षिणेचा, तोही मळेवाला, तोही गुलामांचा मालक. या दोघांचं फाटायला तत्त्वं पुरेशी होतीच, पण खरं तर ठिणगी पडली दिवाणखान्यात. युद्धमंत्री ईटनच्या बायकोविषयी वॉशिंग्टनमध्ये कुजबुज होती आणि उपाध्यक्षांच्या पत्नी फ्लोराइडबाईंनी तिच्या घरी जाणं-येणं नाकारलं. जॅक्सनची स्वतःची बायको अशाच बदनामीनंतर, तो अध्यक्षपदाची शपथ घेण्याआधीच गेलेली. त्याने हे फार जिव्हारी लावून घेतलं. त्यात वर्षांपूर्वीची एक गोष्ट बाहेर आली: फ्लोरिडावर परवानगीविना चढाई केल्याबद्दल जॅक्सनला शिक्षा व्हावी, असं मंत्रिमंडळाच्या बंद दाराआड म्हणणारा माणूस कॅलहूनच होता. संपलंच. एप्रिल १८३० मध्ये जेफरसन यांच्या जयंतीच्या मेजवानीत जॅक्सनने कॅलहूनकडे रोखून बघत संघराज्य टिकलंच पाहिजे म्हणून पेला उंचावला. कॅलहूनने उत्तरादाखल पेला उंचावला तो स्वातंत्र्य आधी आणि संघराज्य नंतर, असं सांगत.

१८३२ मध्ये कर थोडा कमी झाला. साउथ कॅरोलिनाला तो पुरेसा वाटला नाही. नोव्हेंबरात अधिवेशन भरलं आणि १३६ विरुद्ध २६ मतांनी ठरलं: १ फेब्रुवारी १८३३ पासून हे दोन्ही कर आमच्या राज्यात लागू नाहीत. वर आणखी, या बाबतीत कुणी सुप्रीम कोर्टात जायचं नाही आणि केंद्राने बळ वापरलं तर आम्ही वेगळे होऊ. डिसेंबरात कॅलहूनने उपाध्यक्षपदाचा राजीनामा दिला. अमेरिकेच्या इतिहासात असं करणारा तो पहिला. लगेच सिनेटवर जाऊन तो आपल्या राज्याची बाजू लढवायला बसला. जॅक्सन याला फासावर देणार, अशा अफवा राजधानीत होत्या.

जॅक्सनने चार्ल्सटन बंदरात नौदलाची जहाजं पाठवली आणि जाहीरनामा काढला की हा देशद्रोह आहे. इकडे साउथ कॅरोलिनाने स्वयंसेवक भरती सुरू केली. पण मजा बघा, एकही दुसरं राज्य मदतीला आलं नाही. दक्षिणेतल्या शेजाऱ्यांनाही कर नको होता, पण हा मार्गही नको होता. शेवटी हेन्री क्ले आणि कॅलहून, एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी, एकत्र बसले. कर १८४२ पर्यंत टप्प्याटप्प्याने उतरवायचा ठरलं. त्याच दिवशी, २ मार्चला, सैन्य वापरायचा अधिकार देणाऱ्या कायद्यावरही सही झाली. आपली माणसं तडजोड मोडतील या धास्तीने कॅलहून मिळेल त्या टपालगाडीतून थंडीत धक्के खात राज्यात पोचला. अधिवेशनाने करावरचा ठराव मागे घेतला. आणि तीन दिवसांनी तो सैन्याचा कायदा रद्द ठरवला! आता त्याचा उपयोग शून्य होता, पण मान राखली गेली. कोण जिंकलं? दोघांनीही विजय साजरा केला.

आता मला तुमचं लक्ष एका जुन्या प्रकरणाकडे न्यायचंय, जे पुस्तकांत बऱ्याचदा तळटीपेत असतं. १८२२ मध्ये चार्ल्सटनमध्ये डेन्मार्क व्हेसी या मुक्त कृष्णवर्णीय सुताराला गुलामांच्या उठावाचा कट केल्याच्या आरोपावरून आणखी चौतीस जणांसह फाशी दिली गेली. त्यानंतर राज्याने कायदा केला की कुठलंही जहाज बंदराला लागलं, की त्यावरच्या मुक्त कृष्णवर्णीय खलाशांना जहाज निघेपर्यंत तुरुंगात ठेवायचं. परदेशी खलाशांनासुद्धा. पुढच्याच वर्षी केंद्राच्या न्यायाधीशाने हा कायदा घटनाबाह्य म्हणून सांगितलं. राज्याने ढुंकून पाहिलं नाही, अटका चालूच ठेवल्या. म्हणजे आयात कराच्या किती आधी नलिफिकेशन सुरू झालं होतं, बघा. खुद्द कॅलहूनने १८३० च्या एका खासगी पत्रात कबूल केलंय की कर हे निमित्त आहे. मूळ काळजी आहे ती दक्षिणेच्या त्या खास व्यवस्थेची. त्या काळी गुलामगिरीला असं सभ्य नाव होतं.

अल्पसंख्याकांना बहुमतापासून कसं वाचवायचं, यावर त्याने आयुष्यभर विचार केला आणि राज्यशास्त्राचे विद्यार्थी आजही ते वाचतात. पण त्याचे अल्पसंख्याक म्हणजे मळ्यांचे मालक. त्याच्या राज्यात तेव्हा निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती. तिथलं खरं बहुमत तेच, आणि त्यांना कुठल्याही अधिवेशनात मत नव्हतं. १८३७ मध्ये तर त्याने सिनेटमध्ये उभं राहून सांगितलं की गुलामगिरी ही नाइलाजाने सोसायची गोष्ट नाही, ती चांगलीच गोष्ट आहे. एका इंग्रज लेखिकेला हा माणूस लोखंडात ओतल्यासारखा वाटला होता. उगाच नाही.

पुढे डाव उलटला. पळून आलेल्या गुलामांना पकडून द्यायला उत्तरेतली राज्यं नकार देऊ लागली, तसे कायदेच करू लागली. तेव्हा कॅलहूनला राज्यांचे अधिकार आठवले नाहीत. केंद्राचा कायदा उत्तरेने पाळलाच पाहिजे, ही त्याची मागणी. ४ मार्च १८५० रोजी क्षयाने खंगलेला तो शालीत गुरफटून सिनेटमध्ये आला. उभं राहून बोलायची ताकद नव्हती, म्हणून शेवटचं भाषण दुसऱ्या सिनेटरने वाचून दाखवलं. त्याच महिन्याच्या अखेरीस तो वारला. चार वर्षांनी विस्कॉन्सिनमध्ये जमावाने तुरुंग फोडून जोशुआ ग्लोव्हर या पळालेल्या गुलामाला सोडवलं आणि त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने गुलामांना पकडून देण्याचा केंद्रीय कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. तेव्हा विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने रागाने जो ठराव केला, त्याची भाषा केंटकीच्या त्या जुन्या ठरावातून उचललेली होती. आणि १८६० मध्ये साउथ कॅरोलिना संघराज्यातून बाहेर पडली, तेव्हा तिने दिलेल्या कारणांत एक तक्रार अशी होती की उत्तरेतली राज्यं केंद्राचे कायदे निष्प्रभ करतात!

मग त्यांच्यातलं चूक कोण? मला विचाराल तर विस्कॉन्सिनचा हेतू शंभर टक्के बरोबर होता. पण तेच हत्यार १९५० च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांना शाळेबाहेर ठेवायला दक्षिणेतल्या राज्यांनी पुन्हा उपसलं आणि १९५८ मध्ये कोर्टाने ते पुन्हा म्यान करायला लावलं. म्हणून कायदा रद्द ठरवायचा अधिकार एकट्या राज्याच्या हाती देऊ नये, या मताचा मी आहे. केंद्राच्या कामात आपले पोलीस न देणं ही निराळी गोष्ट. ती मुभा अमेरिकी राज्यांना आहे आणि गांजाच्या बाबतीत कित्येक राज्यं तीच वापरतात. केंद्राचा कायदा मरत नाही, राज्य फक्त त्याला हातभार लावत नाही. पण अंपायर कुणाचा, या कॅलहूनच्या प्रश्नाला माझ्याकडेही झटकन देता येईल असं उत्तर नाही. तुम्ही कॅन्टीनमध्ये भांडून बघा.

चार्ल्सटनच्या चौकात शंभर फुटांहून उंच खांबावर त्याचा पुतळा उभा होता. जून २०२० मध्ये क्रेन लावून, कित्येक तास खटपट करून तो उतरवला गेला. त्या चौकालगतच्या रस्त्याचं नाव आहे कॅलहून स्ट्रीट. डेन्मार्क व्हेसी ज्या मंडळीत जायचा, त्या मंडळीचं चर्च आज याच रस्त्यावर आहे.