एका मार्काचे बाबा

मराठीतली पहिली कादंबरी कोणती? ‘यमुनापर्यटन’, लेखक बाबा पदमनजी. शाळेत एका मार्कासाठी मी हे पाठ केलं होतं. परवा सबमिशन टाळून लायब्ररीत बसलो, तेव्हा कळलं की हे बाबा आपल्या पुण्यातही राहून गेलेत.

जन्म १८३१ चा, बेळगावचा. मुंबईत मिशनच्या शाळेत शिकताना ते जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेत जाऊ लागले. सभेचं सगळं काम गुप्त. बाबांनी मात्र १८५४ साली उघडपणे बाप्तिस्मा घेतला. वय अवघं २३, म्हणजे आपल्या फायनल इयरवाल्यांच्या आसपासचं! जात गेली, घरच्यांशी दुरावा आला.

१८५७ साली विधवांच्या हालांवर कादंबरी आली. तिची नायिका यमुना स्वतः विधवा होते आणि पुन्हा लग्न करते. मग १८६३ साली मोल्सवर्थच्या जाडजूड मराठी-इंग्रजी कोशाची छोटी आवृत्ती. पुण्यात त्यांनी शिकवलं, चर्चचे पाळकही झाले. नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. १९०६ साली ते वारले.

धर्माच्या बाबतीत बाबा एकदम कट्टर. बायबलचा शब्द अखेरचा. हिंदू धर्मावरची त्यांची सगळी टीका मला पटत नाही, आणि कादंबरीतही मध्येच प्रवचन सुरू होतं.

पण मित्रांनो, रूमवरची पोरं हसतील म्हणून मी कितीदा स्वतःचं मत गिळलंय! बाबांनी आपलं मत लपवलं नाही, आणि धर्म बदलला तरी लिहिलं ते मराठीतच. त्यांना एक मार्क जरा कमीच पडतो.