डॉ. आनंदीबाई जोशी आणि क्षयाच्या जंतूपर्यंत पोहोचणारे औषध

कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव तुम्ही ऐकले असेलच. त्यांचा जन्म 31 मार्च 1865 चा. नवव्या वर्षी लग्न झाले. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांत दगावले, आणि त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले. 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या, पण आजारी होऊनच परतल्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, क्षयाने पुण्यात त्यांचे निधन झाले. क्षयाचा जंतू 1882 मध्येच सापडला होता. त्याला मारणारे औषध मात्र नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन मिळायला 1943 उजाडले.

औषध शरीरात कसे पसरते?

क्षयाचे जंतू आपल्याच पांढऱ्या पेशींच्या आत लपतात. तुम्ही घेतलेले रिफाम्पिसिन आतड्यातून रक्तात जाते. तिथे त्याचा सुमारे 80 टक्के भाग प्रथिनांना चिकटतो. उरलेला मोकळा भागच रक्तवाहिनीबाहेर पडतो. तो कमी झाला की चिकटलेले औषध हळूहळू सुटते. रिफाम्पिसिन मेदात विरघळत असल्याने पेशींच्या आतही शिरते.

हे लक्षात ठेवा

लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात ते या औषधाच्या रंगामुळे. ते रक्त नव्हे. घाबरून गोळ्या थांबवू नका. डोळे पिवळे झाले किंवा सतत उलट्या होऊ लागल्या तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आनंदीबाईंच्या काळी नसलेला हा उपचार बरे वाटले तरी पूर्ण करा.