मुंबईचा खंडकरी वैद्य आणि त्याचे ताट

देवनार म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात, कत्तलखाना आणि कचऱ्याचे डोंगर. तिसरीही एक गोष्ट तिथे आहे, हे सांगितल्यावर लोकांना नवल वाटते. देवनारला एक जुने गावठाण आहे. त्यात ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि घरात मराठी बोलतात. आम्ही त्या गावठाणाला लागूनच राहायला आलो तेव्हा मी शाळकरी होतो. पहिल्याच नाताळात शेजारच्या आंटींनी झाकलेले ताट पाठवले. एका बाजूला सोनेरी, लिंबाएवढे फुगे. मैद्यात अंडी, नारळाचे दूध आणि साखर घालायची, पीठ ताडीने फुगवायचे आणि मुठीतून पिळून गोळे तेलात सोडायचे, असा तो पदार्थ. दुसऱ्या बाजूला वाटीत लालभडक सोरपोतेल, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेले डुकराचे मांस आणि काळीज.

आमच्या आईने वाटी आदरपूर्वक परत केली आणि फुगे आम्हाला चहाबरोबर दिले. आंटींना ते कळले तेव्हा त्या हळहळल्या. गोड फुगा त्या आंबट-तिखट रश्श्यात बुडवल्याशिवाय खाण्यात अर्थच नाही, असे त्यांचे मत. आईला हे काही पटेना. गोड पुरीबरोबर असले झणझणीत कोण खाते? हे म्हणणारी आमची आई आमटीत गुळाचा खडा टाकल्याशिवाय ती चुलीवरून उतरवत नसे आणि होळीला पुरणपोळीशेजारी कटाची आमटी वाढत असे, हे माझ्या लक्षात यायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

या गोड-तिखटाच्या जोडीचा माग काढता काढता मी ज्या माणसापाशी येऊन थांबलो, तो एके काळी मुंबई बेटाचा खंडकरी होता. गार्सिया द ओर्ता त्याचे नाव. आपल्याला तो ठाऊक असतो तो वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतून, किंवा पणजीला त्याच्या नावाची बाग आहे म्हणून. माझ्या दृष्टीने तो पहिल्यांदा एक चोखंदळ खवय्या आहे, आणि त्याच्या आयुष्याची कहाणी ताटापाशी सुरू होऊन ताटापाशीच संपते.

ओर्ताचा जन्म पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हीद या डोंगरी गावी 1501 च्या सुमारास झाला. आईवडील स्पेनमधले ज्यू. स्पेनने 1492 मध्ये ज्यूंना हाकलले, म्हणून ते सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पाच वर्षांनी पोर्तुगालच्या राजाने सगळ्या ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला. अशा बाटलेल्या कुटुंबांना नवे ख्रिस्ती म्हणत. नावापुरते ख्रिस्ती, पण शेजाऱ्यांच्या नजरेत कायम संशयित. मुलगा हुशार निघाला. सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत वैद्यक शिकला, लिस्बनला अध्यापक झाला आणि 1534 च्या मार्चमध्ये मार्तिम अफोन्सो द सोझा या सेनानीचा खाजगी वैद्य म्हणून गोव्याच्या जहाजावर चढला. तो मायदेशी पुन्हा कधी परतला नाही.

तो कोणती चव जिभेवर घेऊन निघाला होता, हे सांगितले पाहिजे. त्या काळी युरोपात साखर हा मसाला होता, औषधही होते. दालचिनी आणि साखर मांसावर भुरभुरवणे हे श्रीमंतीचे लक्षण. राजा मानुएलच्या नातीची, इन्फान्ता मारियाची, पाककृतींची हस्तलिखित वही नेपल्समध्ये जपून ठेवलेली आहे. तीत मांजार ब्रांको नावाचा पदार्थ आहे. कोंबडीचे उकडलेले मांस दोऱ्यासारखे विंचरायचे आणि तांदूळ, दूध, साखर घालून आटवायचे. कोंबडीची खीरच म्हणा! तुर्कस्तानात तिची बहीण अजून आवडीने खातात. वैद्यांचाही याला पाठिंबा होता, कारण प्रत्येक पदार्थ उष्ण की शीत, कोरडा की ओला, हे पाहून ताटात तोल साधायचा, अशी गेलनची शिकवण होती. पुढे सतराव्या शतकात फ्रेंच आचाऱ्यांनी साखरेला जेवणाच्या शेवटी नेऊन बसवले आणि गोड-खारटाची फारकत झाली. ती पुरती मात्र कुठेच झाली नाही. स्वीडनमध्ये मांसाच्या गोळ्यांबरोबर आंबटगोड बोरांचा जॅम लागतो, क्रेमोनाला मोहरीच्या झटक्याचा फळांचा मुरांबा उकडलेल्या मांसाशेजारी वाढतात आणि लिस्बनच्या हॉटेलांत खरबुजाच्या फोडीवर खारवलेल्या डुकराच्या मांसाची चकती येते. आपण त्याला विचित्र म्हणतो, आणि साखरभाताबरोबर लिंबाचे लोणचे मागतो.

ओर्ता गोव्यात आला आणि त्याच्या जिभेला जणू दुसरे शिक्षण मिळाले. वैद्यकी जोरात चालली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य आणि मित्र झाला. दरबारातल्या हकिमांशी त्याच्या चर्चा चालत. साधारण 1554 च्या सुमारास मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले. टाउन हॉलच्या मागे, आता नौदलाचा तळ आहे तिथे, त्याचे बागेसह घर होते. आमचे देवनार तेव्हा तुर्भ्याच्या बेटावर, त्याच्या खंडाच्या बाहेर होते, पण तेही पोर्तुगीजांच्याच ताब्यात. तो राही गोव्यातच. मुंबईहून त्याच्याकडे आंबे जात. मुंबईतले त्याचे एक झाड वर्षातून दोनदा फळत असे, एकदा नाताळच्या सुमारास आणि एकदा मेच्या अखेरीस. आंब्याच्या गोष्टीत असे एखादे झाड प्रत्येकाच्या ओळखीचे असतेच, पण ओर्ताच्या सांगण्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

हे सारे त्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या पुस्तकात लिहिले. भारतातल्या औषधींविषयीचे हे संवाद आहेत. रुआनो नावाचा एक काल्पनिक वैद्य नुकताच युरोपातून आला आहे. ग्रीक पंडितांनी काय लिहिले ते त्याला तोंडपाठ. ओर्ता त्याला घरी बसवून फळे, मुळ्या, बिया दाखवतो आणि पंडितांच्या चुका काढतो. स्पेनमध्ये असतो तर गेलनविरुद्ध तोंड उघडायची आपली छाती झाली नसती, अशी कबुलीही देतो. मध्येच मोलकरीण काहीतरी आणून देते. मुंबईहून आंब्यांची करंडी येते.

आणि मग खाण्याच्या गोष्टी निघतात. आंबा साखरेत मुरवतात, व्हिनेगरमध्ये घालतात, तेल-मिठात ठेवतात, पोटात ओले आले आणि लसूण भरून ठेवतात, असे ओर्ता सांगतो. एकाच फळाचा मुरांबा आणि भरले लोणचे एका दमात! केळे भाजून वाइनमध्ये बुडवावे आणि वर दालचिनी टाकावी. आले बारीक चिरून तेल, व्हिनेगर आणि मीठ लावून कोशिंबिरीसारखे खावे. कच्च्या हिंगाचा वास त्याला सोसवत नव्हता, पण हिंग घातलेली शिजलेली भाजी त्याने खाल्ली आणि ती वाईट नाही असा शेरा मारला. पटकीचे लक्षणांसह वर्णन करताना त्याने तिचे देशी नाव दिले आहे. ती आपली मोडशी. तिच्यावर मिरी आणि जिरे घातलेली भाताची पेज देतात, हेही त्याने नोंदवले. परक्याच्या स्वयंपाकघरात नाक न मुरडता शिरणारा असा युरोपियन त्या शतकात विरळा.

पण एका स्वयंपाकघराविषयी तो मुळीच बोलत नाही. ते त्याचे स्वतःचे.

याचे कारण समजायला इन्क्विझिशन म्हणजे काय ते आठवावे लागते. नवा ख्रिस्ती मनातून ज्यू आहे की नाही, हे धर्मपरीक्षक ताटावरून ओळखत. डुकराचे मांस टाळतो का? मांस चरबीऐवजी तेलात, कांद्याबरोबर परततो का? खवले नसलेली मासळी बाजूला सारतो का? शनिवारी चूल पेटवायची नाही म्हणून शुक्रवारीच रांधून ठेवतो का? मोलकरणी, शेजारणी, भांडलेले नातेवाईक या साऱ्यांच्या जबान्या घेतल्या जात. गोडात खारट मिसळणे गुन्हा नव्हता. कोणत्या तेलात आणि कोणत्या वारी, हा गुन्हा होता. 1547 मध्ये ओर्ताच्या बहिणी लिस्बनला पकडल्या गेल्या होत्या. सुटल्यावर त्या आईबरोबर गोव्याला त्याच्या आसऱ्याला आल्या. इतक्या लांब आपण सुरक्षित आहोत असे त्यांना वाटले असेल. 1560 मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही आले. त्यानंतर तीनच वर्षांनी पुस्तक छापले गेले.

ते पुस्तक मी आता उघडतो तेव्हा मला त्या संवादांतला मोकळेपणा अंगावर येतो. हा माणूस घरात पाहुणा बसवून, मोलकरणीदेखत, जगातल्या प्रत्येक फळाची चव सांगतो आहे, आणि त्याच मोलकरणीला उद्या कोणी दोन प्रश्न विचारले तर घर उद्ध्वस्त होईल, हे त्याला पक्के ठाऊक आहे. त्याच्या हयातीत ते प्रश्न विचारले गेले नाहीत. मोठ्या लोकांची नाडी त्याच्या हातात होती, त्याचा उपयोग झाला असावा.

1568 मध्ये ओर्ता वारला आणि संरक्षण संपले. घरच्याच माणसांच्या जबान्यांतून बाहेर आले की तो अखेरपर्यंत मोझेसचा धर्म मानत होता. त्याची बहीण कातारिना हिला 25 ऑक्टोबर 1569 रोजी गोव्यात जिवंत जाळण्यात आले. 1580 मध्ये ओर्ताच्या अस्थी उकरून काढून त्यांनाही शिक्षा म्हणून आग लावण्यात आली. मेलेल्या माणसावर खटला चालवण्यात त्या न्यायपीठाला काही गैर वाटत नव्हते.

पुस्तक तोवर गोव्याबाहेर निसटले होते. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याची एक प्रत मिळाली आणि 1567 मध्ये अँटवर्पला त्याने लॅटिन संक्षेप छापला. युरोपभर गाजला तो हाच. क्लुसियसने संवाद काढून टाकले, वनस्पतींची नावे आणि गुण तेवढे ठेवले. पंडितांना तेवढेच हवे होते. रुआनोशी चाललेल्या गप्पा मात्र त्यात गेल्या. मला ते लॅटिन पुस्तक आवडत नाही, हे सांगून टाकतो.

आंटी आता नाहीत. त्यांची सून नाताळला ताट पाठवते. गेल्या खेपेस मी वाटी परत केली नाही. तिसऱ्या दिवशी सोरपोतेल अधिक मुरते असे तिने बजावले होते, म्हणून तीन दिवस थांबलो आणि मग फुगा त्यात बुडवला. होळीला तिचे ताट परत करताना त्यात पुरणपोळ्या ठेवल्या, शेजारी कटाच्या आमटीचा डबा. दुसऱ्या दिवशी तिच्या धाकट्या मुलाने येऊन विचारले, आमटी पोळीवर घ्यायची की पोळी आमटीत?