आकाशवाणीची सकाळची ‘ती’ ट्यून बनवणारा माणूस भारतीय नव्हता!

आधी तानपुऱ्याचा सूर, मग त्यावर हळूच येणारं व्हायोलिन. शब्द एकही नाही. तरीही ज्यांच्या घरात पहाटे रेडिओ लागायचा, त्यांना आकाशवाणीची ही धून आजही तोंडपाठ आहे. दूरदर्शनची ट्यून आणि मालिकांची शीर्षकगीतं डोक्यात घर करू लागली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

1936 च्या या धूनचं श्रेय दिलं जातं वॉल्टर कॉफमन यांना. ते मुंबईत आले होते जीव वाचवायला.

पीएचडी नाकारली

कॉफमन यांचा जन्म 1 एप्रिल 1907 चा, कार्ल्सबाडचा. हे गाव आज चेकियामध्ये आहे. घर ज्यू, भाषा जर्मन. बर्लिन आणि प्रागमध्ये त्यांनी संगीताचं शिक्षण घेतलं. पीएचडीचा प्रबंधही तयार होता. पण आपले मार्गदर्शक नाझींचे समर्थक आहेत हे कळल्यावर त्यांनी पदवीच नाकारली.

1933 मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली. पुढच्याच वर्षी कॉफमन यांनी मुंबई गाठली. इथला व्हिसा सहज मिळत होता, हे त्यामागचं मोठं कारण.

कानाला न रुचलेलं संगीत

भारतीय संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना ते अजिबात कळलं नाही. पण कोट्यवधी लोकांना जे आवडतं ते वाईट कसं असेल, कमी आपल्यातच असणार, असा विचार करून ते पुन्हा पुन्हा ऐकत राहिले, शिकत राहिले.

मुंबईत त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ सुरू केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल व्हायची. सोबतीला व्हायोलिनवादक मेहली मेहता असायचे, म्हणजे जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहता यांचे वडील. आकाशवाणीच्या धूनमधलं व्हायोलिनही त्यांचंच असल्याचं मानलं जातं. 1937 ते 1946 या काळात कॉफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते.

ही धून डोक्यातून जात का नाही?

धून शिवरंजनी रागावर आधारलेली आहे. या रागात मध्यम आणि निषाद नाहीत, फक्त पाच स्वर. त्यातला कोमल गंधार मनाला हुरहूर लावतो. धून छोटी, सोपी आणि रोज त्याच वेळी वाजणारी. छोटी चाल वारंवार कानावर पडली की मेंदू ती आपोआप वाजवत राहतो. अशा चालीला जर्मनमध्ये एक मजेशीर शब्द आहे: ‘ओरवुर्म’, म्हणजे कानातला किडा. कॉफमन यांच्या मातृभाषेतलाच शब्द!

मागे राहिलेली माणसं

त्यांची पहिली पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. काफ्कांच्या तिन्ही बहिणी, म्हणजे गेर्टीची आई आणि दोन मावश्या, नाझींच्या वंशसंहारात मारल्या गेल्या. ही धून भारतात रेडिओवर वाजत होती, त्याच काळात ते बनवणाऱ्याच्या घरची माणसं संपवली जात होती.

1946 मध्ये कॉफमन यांनी भारत सोडला. लंडनमार्गे ते कॅनडात गेले आणि विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्राचे कंडक्टर झाले. नंतर अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात शिकवलं. कधीकाळी न कळलेल्या त्या संगीतावर त्यांनी ग्रंथ लिहिले: 1968 मध्ये उत्तर भारतीय रागांवर, 1976 मध्ये दक्षिण भारतीय रागांवर. 9 सप्टेंबर 1984 रोजी त्यांचं ब्लूमिंग्टनमध्ये निधन झालं.

रेडिओवर अनेकदा गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं सांगतात. ही धून मात्र निवेदक बोलायच्या आधीच वाजते. त्यामुळे कॉफमन यांचं नाव कधी कुणाच्या कानावर पडलंच नाही.