वेळूच्या ऑर्गनचे कर्ते पाद्री दिएगो सेरा

देवाच्या गौरवार्थ उत्तम वाद्य घडविण्यास उंची परदेशी सामग्रीच पाहिजे असे नाही, हे ज्यांनी स्वहस्ते सिद्ध केले, त्या एका धर्मगुरूंचे चरित्र या महोत्सवप्रसंगी आमच्या धर्मबांधवांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

पाद्री दिएगो सेरा यांचा जन्म १७६२ साली स्पेन देशातील ग्राऊस गावी झाला. ऑगस्टिनियन रेकोलेक्त संघात प्रवेश करून ते १७९२ साली फिलिपाईन्स बेटांत आले व १७९५ साली मनिलाजवळील लास पिन्यास येथे धर्मगुरू झाले. संत योसेफाचे दगडी मंदिर त्यांनीच तेथे उभारविले.

गाव शेतकरी, कोळी व मिठागरे पिकविणाऱ्यांचे. तेथे भारी ऑर्गन कोठला? परंतु भोवताली वेळू विपुल होता. सातपुड्याच्या छायेत राहणारे आम्ही वेळू ओळखतो तो बुरडाच्या सुपांवरून व टोपल्यांवरून. पाद्रीमहाराजांस त्यात स्वर दिसला. १८१६ साली त्यांनी वेळू तोडवून समुद्रकाठच्या वाळूत कित्येक महिने पुरून ठेविले. जे किडीस पुरून उरले, तेवढेच कामास घेतले. काम १८२४ साली संपले. एकंदर १०३१ नळ्या. पैकी ९०२ वेळूच्या. तुतारीचा स्वर वेळूतून निघेना, म्हणून उरलेल्या १२९ नळ्या धातूच्या केल्या. १८३२ साली महाराज प्रभुचरणी विलीन झाले.

पुढे भूकंप झाले, वादळाने छप्पर उडविले, आणि वाद्य दीर्घकाळ मुके पडले. तथापि नळ्या मोडीत निघाल्या नाहीत. त्या जपून ठेविल्या गेल्या, म्हणूनच जीर्णोद्धार शक्य झाला. १९७३ साली सर्व वाद्य सुटे करून जर्मनीतील बॉन शहरी क्लाईस यांच्या कारखान्यात धाडले. थंड, कोरड्या हवेत वेळू तडकू नये म्हणून तेथे फिलिपाईन्ससारखी उष्ण, दमट हवा राखलेली खोली सिद्ध केली होती. १९७५ साली वाद्य स्वग्रामी परतले व जीर्णोद्धार केलेल्या मंदिरात पुन्हा निनादू लागले. २००३ साली त्यास राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा मान मिळाला.

बांधवहो, कर्त्याने आठ वर्षे धीर धरिला. ते कार्य राखिले मात्र मागच्यांनी. वाडवडिलांनी या देवळास जे वाहिले, ते आज जुने वा नादुरुस्त दिसले तरी टाकून देऊ नये, एवढाच बोध आम्ही घ्यावा. प्रभू आम्हां सर्वांस ती बुद्धी देवो.